आयटीआय, पॉलिटेक्निकला शिकताय? शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात पडेपर्यंत काय काय करायचं, सगळं सविस्तर

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, पोराला आयटीआयला घालायचं का डिप्लोमाला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, फीचं काय. आता खरं सांगायचं तर महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षणासाठी सरकारी पैसा बऱ्यापैकी आहे. फी माफी आहे, शिष्यवृत्ती आहे, खोलीभाडं आणि जेवणासाठी वेगळे पैसे आहेत, शिकून झाल्यावर अप्रेंटिसशिपचं स्टायपेंड आहे. पण मी इतकी वर्ष पोरांचे फॉर्म भरून देतोय त्यात एक गोष्ट सारखी दिसते, पैसे अडकतात ते पोरगं पात्र नसतं म्हणून फार कमी वेळा, बहुतेक वेळा अडकतात आधार, बँक आणि दाखल्यातल्या बारीक बारीक गोष्टींमुळे, आणि फॉर्म सबमिट केल्यानंतर परत लॉगिनच न केल्यामुळे. म्हणून हा लेख योजनांची नुसती यादी देण्यासाठी नाही, पैसे खात्यात पडेपर्यंत काय करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी ॲडमिशनच नीट घ्या

हे पहिलं सांगतोय कारण इथे चुकलं की पुढचं काहीच दुरुस्त होत नाही. शासनाच्या फी सवलतीच्या जवळजवळ सगळ्या योजनांना अट असते की प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला पाहिजे. पॉलिटेक्निकसाठी ही प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालय चालवतं आणि आयटीआयसाठी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. खाजगी कॉलेजवाले बऱ्याचदा म्हणतात कॅपची कशाला वाट बघताय, मॅनेजमेंट कोट्यातून आत्ताच सीट पक्की करून टाका, शिष्यवृत्तीचं आम्ही बघू. असं कोणी म्हटलं की थांबा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला शिष्यवृत्ती मिळत नाही आणि ते कॉलेज नंतर काही करू शकत नाही. कॅपचं अलॉटमेंट लेटर हा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, त्याची प्रिंट आणि पीडीएफ दोन्ही जपून ठेवा.

कॉलेज आणि तुमचा कोर्स दोन्ही महाडीबीटी पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज जिथे ऑनलाइन भरतात त्या साइटवर, आहेत का हेपण ॲडमिशनच्या आधी शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कला विचारून घ्या. साधा प्रश्न आहे पण विचारत कोणी नाही. मागच्या वर्षीच्या पोरांचे पैसे आले का हेपण तिथल्या सीनियर पोरांना विचारा, त्यावरून कॉलेजचं काम कसंय ते लगेच कळतं.

तुम्ही कुठल्या योजनेत बसता

तीन गोष्टींवर सगळं ठरतं, तुमचा प्रवर्ग, घरचं वार्षिक उत्पन्न आणि कोर्स.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. यात फी तर भरली जातेच, वर शैक्षणिक भत्तापण मिळतो. २०२१ ला केंद्राने या योजनेचे नियम नवीन केले त्यात आयटीआय आणि तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा हे चौथ्या गटात आहेत, आणि त्या गटाचा भत्ता होस्टेलवर राहणाऱ्याला वर्षाला ४,००० आणि घरून जाऊन येऊन करणाऱ्याला २,५०० रुपये असा आहे, दिव्यांग असाल तर १० टक्के जास्त. अनुसूचित जातीतल्या ज्या घरचं उत्पन्न २.५ लाखाच्या वर जातं त्यांनी सगळं सोडून देऊ नका, त्यांच्यासाठी फ्रीशिप आहे. तिच्यात भत्ता नाही पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं. बरेच पालक उत्पन्न जास्त आहे म्हणून फॉर्मच भरत नाहीत आणि हजारो रुपये खिशातून घालवतात.

अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिथेही २.५ लाख. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती व भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्या योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे आहेत आणि त्यांना नॉन-क्रीमी लेअरचं प्रमाणपत्र लागतं, ते चालू मुदतीतलंच हवं.

खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, जिला सगळे अजून ईबीसीच म्हणतात. उत्पन्न मर्यादा ८ लाख, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के रक्कम मिळते. एका कुटुंबातल्या पहिल्या दोन मुलांनाच ती लागू आहे. आता यात एक बारकावा आहे जो पालकांना फार उशिरा कळतो, अर्धी फी म्हणजे अर्धं शिक्षण शुल्क, डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, जिमखाना, बस हे सगळं त्यात येत नाही. त्यामुळे फीच्या पावतीवर कुठल्या नावाखाली किती घेतलेत ते वेगवेगळं लिहून मागा.

मुलींसाठी २०२४ ला मोठा निर्णय झाला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के मिळायला लागलं. इथेही कॅपमधून प्रवेश ही अट आहेच. ॲडमिशनच्या वेळी पात्र मुलींकडून ही फी घेऊ नका अशा सूचना कॉलेजांना दिलेल्या आहेत, त्यामुळे काउंटरवर आधी सगळी फी भरा नंतर परत देऊ असं सांगितलं तर शांतपणे पण ठाम बोला, शासन निर्णयाची प्रिंट सोबत न्या. प्रिंट टेबलवर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो.

आयटीआयवाल्यांसाठी वेगळं थोडं. सरकारी आयटीआयची फी मुळात कमीच असते, खरा प्रश्न येतो खाजगी आयटीआयचा, तिथे कौशल्य विकास विभागाची प्रशिक्षण शुल्क प्रतिपूर्ती योजना महाडीबीटीवरच आहे. आणि सरकारी आयटीआयमध्ये विद्यावेतन मिळतं. हे विद्यावेतन कित्येक दशकं महिन्याला ४० रुपये होतं, ४० रुपयात वही येत नाही, २०२३ ला मंत्रिमंडळाने ते ५०० करायचा निर्णय घेतला. ते कोणाला आणि कसं मिळतंय ते तुमच्या संस्थेच्या ऑफिसात विचारा, कारण याची यादी संस्थेकडूनच जाते.

कागदपत्रं, आणि ती मे महिन्यातच

जून जुलैत तहसीलला आणि सेतूवर किती गर्दी असते ते गेलेल्यालाच माहीत. दहावीची परीक्षा संपल्या संपल्या, निकालाची वाट न बघता दाखल्यांना लागा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो, तलाठ्याचा नुसता चालत नाही. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकार मिळतात, शक्य असेल तर तीन वर्षांचा काढा, नॉन-क्रीमी लेअरलाही तोच कामाला येतो. आई वडील दोघेही कमावत असतील तर दोघांचं उत्पन्न धरलं जातं. जातीचा दाखला, डोमिसाइल, रेशन कार्ड, दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, फीची पावती, होस्टेलवर राहत असाल तर होस्टेलचं प्रमाणपत्र. वडील हयात नसतील तर मृत्यू दाखला, कारण पोर्टल वडिलांच्या नोकरीबद्दल विचारतं आणि तिथे हयात नाहीत असं टाकलं की तो मागतं.

प्रतिज्ञापत्राबद्दल एक, जात, उत्पन्न, रहिवासी असे दाखले काढायला जे प्रतिज्ञापत्र लागतं त्याला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. तरीपण कोर्टाच्या बाहेर पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावणारे भेटतात. पाचशे रुपये म्हणजे मजुरी करणाऱ्या घरात एका दिवसाची कमाई आहे, तेव्हा हे चार जणांना सांगा.

दाखले आपले सरकार पोर्टलवरून घरूनही काढता येतात, केंद्रावर गेलात तर पावती मागा, तिच्यावर दाखला किती दिवसात मिळायला हवा ती तारीख असते. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, त्या तारखेला दाखला नाही मिळाला तर वर अपील करता येतं आणि तेही ऑनलाइन.

जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी, हा विषय डिप्लोमावाल्यांनी फार लांबणीवर टाकू नये. डिप्लोमा झाल्यावर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला राखीव जागेवर जायचं असेल तर ती लागतेच आणि जिल्हा जात पडताळणी समितीकडून यायला वेळ लागतो, आजोबा पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी शोधायला लागतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षालाच अर्ज टाकून द्या.

आधार आणि बँक, सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात

हा भाग घाईत वाचू नका.

आधारवरचं नाव दहावीच्या मार्कशीटसारखं हवं. मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि आधारवर शेवटी, एवढ्याने सहसा अडत नाही, पण स्पेलिंग वेगळं, वडिलांचं नावच नाही, जन्मतारखेत फक्त वर्ष, असं असेल तर आधी ते दुरुस्त करा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून अंदाजाने काहीतरी टाकून बघू असं करू नका, मार्कशीट समोर ठेवूनच दुरुस्ती करा. दुसरं, वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळे परत अपडेट करणं बंधनकारक आहे. आयटीआयला येणारी बरीच पोरं १५-१६ ची असतात, लहानपणी काढलेलं आधार तसंच असतं, मग बँकेत अंगठा लागत नाही आणि पोर्टलवर चेहरा जुळत नाही. आणि मोबाईल नंबर आधारला जोडलेला पाहिजे, तोही चालू असलेला, कारण सगळं ओटीपीवर चालतं. वडिलांचा जुना बंद पडलेला नंबर असेल तर आजच बदला.

आता बँक. बँकेत विचारलं की साहेब म्हणतात आधार लिंक आहे. त्यावर विसंबून राहू नका. खात्याला आधार लिंक असणं म्हणजे बँकेच्या केवायसीत तुमचा आधार नंबर आहे, एवढंच. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे यायला तो आधार एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जुळवणारी संस्था) मॅपरमध्ये, म्हणजे कुठला आधार कुठल्या बँकेला जोडलाय त्या यादीत, त्या बँकेच्या नावावर चढलेला असावा लागतो, याला आधार सीडिंग म्हणतात. सरकार पैसे पाठवताना तुमचा खाते नंबर बघतच नाही, आधार नंबर बघतं आणि तो ज्या बँकेला सीड आहे तिथे पैसे टाकतं. म्हणून फॉर्ममध्ये एका बँकेचा नंबर आणि पैसे गेले दुसऱ्याच बँकेत, असं होतं आणि पोरं म्हणतात पैसे आलेच नाहीत. आलेले असतात, तीन वर्षांपूर्वी कोणीतरी शाळेत काढून दिलेल्या खात्यात पडून असतात.

तपासायचं कसं, माय आधार पोर्टलवर लॉगिन करा, तिथे बँक सीडिंग स्टेटस म्हणून पर्याय आहे, त्यात बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह ते दिसतं. एका वेळी एकच बँक सीड राहते, शेवटची केलेली. बदलायची असेल तर बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरून द्या, त्यावर डीबीटीसाठी असं स्पष्ट लिहा, काही दिवसांनी परत स्टेटस बघा. एनपीसीआयच्या वेबसाइटवर भारत आधार सीडिंग एनेबलर म्हणून सोय आहे, तिथून ज्या बँका सहभागी आहेत त्यांचं घरूनही करता येतं. बँक चकरा मारायला लावत असेल तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडा, आधारवरच उघडतं आणि उघडतानाच सीडिंगला संमती द्या.

खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं हवं. आईसोबत जॉइंट असेल आणि पहिलं नाव आईचं असेल तर मॅपरमध्ये आईचा आधार बसतो. अठरा पूर्ण झाल्यावर मायनर खातं मेजर करून घ्यायला विसरू नका, नाहीतर खातं फ्रीज होतं आणि पैसे आल्या पावली परत जातात. आणि ज्यांचं छोटं मर्यादा असलेलं जनधनचं खातं आहे, पूर्ण केवायसी न केलेलं, त्यात शिल्लक ५० हजाराच्या वर आणि वर्षाची जमा १ लाखाच्या वर जात नाही, त्यामुळे भत्त्याची मोठी रक्कम येणार असेल तर आधीच पूर्ण केवायसी करून घ्या.

महाडीबीटीवर फॉर्म

फॉर्म भरायला पैसे लागत नाहीत. सायबर कॅफेवाला त्याची मजुरी घेतो ते ठीक आहे, पण मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका. कॅफेवाल्याचा नंबर टाकला की पुढे सगळे मेसेज त्याला जातात आणि पासवर्डपण त्याच्याच वहीत राहतो. मोबाईलवरून फॉर्म भरता येतो पण कागद अपलोड करताना त्रास होतो, कॉम्प्युटर मिळाला तर बघा.

नवीन नोंदणी, आधार ओटीपीने पडताळणी, मग प्रोफाइल. प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, वडील आई यांची माहिती, चालू कोर्स, मागचं शिक्षण, होस्टेल, असे टप्पे आहेत. जात आणि उत्पन्नाचा दाखला आपले सरकारवरून काढलेला असेल तर त्यावरचा बारकोड नंबर टाकला की माहिती आपोआप येते, हातानं टाइप करण्यापेक्षा ते बरं, चुका होत नाहीत. चालू कोर्समध्ये कॅपचा आयडी अगदी बरोबर टाका. दहावीचा सीट नंबर आणि साल टाकतानापण तसंच. डे स्कॉलर की होस्टेलर हे खरं तेच टाका, भत्ता जास्त मिळतो म्हणून होस्टेलर टाकलं आणि प्रमाणपत्र नसेल तर पूर्ण अर्जच परत येतो.

कागद स्कॅन करताना साइजची मर्यादा असते, साधारण २५६ केबीच्या आत. साइज कमी करायच्या नादात अक्षरच वाचता येईना असं होतं, मग तपासणारा माणूस सरळ परत पाठवतो. स्कॅन करून झालं की झूम करून दाखल्याचा नंबर स्वतः वाचून बघा.

प्रोफाइल १०० टक्के झालं की योजना दिसतात. इथे एक चूक फार होते, प्रोफाइल पूर्ण केलं म्हणजे फॉर्म भरला असं समजून पोरं बंद करून टाकतात. योजना निवडून अप्लाय केल्याशिवाय आणि अर्ज क्रमांक मिळाल्याशिवाय काही झालेलं नाही. अर्जाची प्रिंट काढा, कागदांच्या झेरॉक्ससोबत कॉलेजच्या शिष्यवृत्ती क्लार्ककडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही शिक्का घ्या. ही सही शिक्क्याची प्रत पुढे भांडायची वेळ आली तर लागते.

सबमिटनंतर

अर्ज आधी संस्थेच्या लॉगिनला जातो, क्लार्क बघतो, मग प्राचार्य, त्यानंतर जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या अधिकाऱ्याकडे. एससीचे अर्ज समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे, एसटीचे आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे, ईबीसीचे डिप्लोमासाठी तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयाकडे. महिन्यातून दोनदा तरी लॉगिन करून स्टेटस बघायचं. संस्थेकडेच पेंडिंग दिसत असेल आणि तारीख जवळ येत असेल तर क्लार्कला जाऊन भेटा, रागाने नको, त्याच्याकडे शेकडो अर्ज असतात आणि तो एकटाच असतो, पण आठवण करून दिली नाही तर तुमचा अर्ज ढिगात खाली राहतो.

सेंट बॅक असं दिसलं तर घाबरू नका, रिजेक्ट नाही झालेला. कारण लिहिलेलं असतं, ते वाचा, दुरुस्त करा आणि परत सबमिट करा. पण त्याला मुदत असते आणि ती संपली की पोर्टल त्या वर्षासाठी बंद. मंजूर झाल्यावर बहुतेक योजनांचे पैसे हप्त्यात येतात, आणि रिडीम करायला सांगितलं असेल तर लॉगिन करून रिडीमचं बटण दाबावं लागतं, त्याशिवाय पैसे पुढे सरकत नाहीत. हे न दाबल्यामुळे राहिलेली पोरं मी बघितली आहेत, सगळं मंजूर असून.

एससीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीत आता ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा आहे, दोन्ही वेगवेगळ्या वेळी येतात. कॉलेजची फीची रक्कमपण विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि मग ती कॉलेजला भरायची असते. ती घरखर्चात गेली की तिसऱ्या वर्षाला कॉलेज मार्कशीट अडवतं, त्यामुळे आल्याबरोबर भरून पावती घ्या. हजेरी ७५ टक्के ठेवा, नूतनीकरणाला ती बघितली जाते, आणि हो, दरवर्षी रिन्यूअलचा अर्ज भरायचा असतो, एकदा भरला की तीन वर्ष चालतो असं नाही.

राहण्याखाण्याचे पैसे

गावाकडून शहरात आलेल्या पोरांचा खरा खर्च फीचा नसतोच, खोली आणि मेसचा असतो, आणि इथेच सगळ्यात कमी अर्ज येतात. सरकारी वसतिगृहाला अर्ज करून जागा मिळाली नसेल तर अनुसूचित जातीसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० (भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००), विभागीय शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्न २.५ लाखाच्या आत आणि मार्कांचीही अट आहे. तसंच आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या प्रवर्गातल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना यात जास्त रक्कम आहे, आणि ही योजना शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या सोबत घेता येते. एकाच फीसाठी दोन योजना घेता येत नाहीत, पण फीची एक आणि राहण्याची एक चालते.

या योजनांना कोर्स किती वर्षांचा आहे याची अट असते. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे आहेत, वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) एक वर्षाचे, तेव्हा एक वर्षाच्या ट्रेडवाल्यांनी अर्ज करण्याआधी समाज कल्याण कार्यालयात विचारूनच घ्या. स्थानिक रहिवासी, म्हणजे ज्या शहरात कॉलेज त्याच शहरात घर, त्यांना हे मिळत नाही. घरमालकाचा भाडेकरार लागतो, घरमालक सहसा टाळतात, खोली घेतानाच बोलून घ्या.

रोज येऊन जाऊन करणाऱ्यांनी एसटीचा विद्यार्थी पास काढा, ६६.६७ टक्के सवलत आहे, संस्थेचं पत्र लागतं.

महाडीबीटीच्या बाहेरच्या तीन गोष्टी

डिप्लोमाला गेलेल्या मुलींनी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्रगती शिष्यवृत्ती सोडू नका. वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखापर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना. पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींनी अर्ज करायचा. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी, ४० टक्के किंवा जास्त, सक्षम शिष्यवृत्ती आहे तेवढ्याच रकमेची, आणि आई वडील नसलेल्या मुलांसाठी स्वनाथ. तिन्हीचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, तिथे आधी वन टाइम रजिस्ट्रेशन करून घ्यावं लागतं. कॉलेज एआयसीटीई मान्यताप्राप्त हवं. दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर दोन्हीचे नियम आधी वाचा.

वडील किंवा आई बांधकामावर काम करतात आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे, तर पहिल्या दोन मुलांना मंडळाकडून शिष्यवृत्ती मिळते, शासनमान्य पदविकेला वर्षाला २०,०००. नोंदणी नसेल तर वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर होते. गवंडी, सेंटरिंग, रंगकाम, प्लंबिंग करणारे किती वडील असतात आयटीआयच्या पोरांचे, आणि बऱ्याच जणांची नोंदणीच नसते.

कर्जाचं थोडक्यात. आयटीआय किंवा छोट्या कौशल्य कोर्ससाठी बँका शैक्षणिक कर्ज द्यायला कां कूं करतात, त्यांना मॉडेल स्किल लोन योजनेचं नाव सांगा, जुलै २०२४ ला तिची मर्यादा दीड लाखावरून ७.५ लाख झाली आणि ते विनातारण आहे. तरीपण आधी शिष्यवृत्तीचे सगळे रस्ते बघा, कर्ज शेवटी.

अडकलं तर

आधी कॉलेज, मग वरचं कार्यालय, मग महाडीबीटीवरची तक्रार, त्यानंतर आपले सरकार तक्रार निवारण. प्रत्येक वेळी लेखी द्या आणि पोच घ्या. एवढं करूनही कोणी उत्तर देत नसेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका, माझा अर्ज क्रमांक अमुक, तो आज कोणत्या टेबलवर आहे आणि किती दिवसांपासून, एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि कितीतरी वेळा उत्तराच्या आधी अर्जच पुढे सरकतो.

कोर्स संपल्यावरचे पैसे

अप्रेंटिसशिप ही पण आर्थिक मदतच धरा. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, २०१९ ला नियम बदलले तेव्हा आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० आणि डिप्लोमा झालेल्याला किमान ८,००० असं ठरलं, दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ. हे किमान आहे, याच्या खाली कोणी देत असेल तर ते नियमाबाहेर आहे. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडच्या २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट तुमच्या खात्यात टाकतं आणि बाकीचे कंपनी देते. म्हणजे वरचं आधार सीडिंग इथे परत लागलंच. याशिवाय २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, १८ ते ३५ वयाच्या आणि शिक्षण चालू नसलेल्यांसाठी, आयटीआय आणि पदविकाधारकांना तेव्हा महिना ८,००० विद्यावेतन ठेवलं होतं, नोंदणी महास्वयम पोर्टलवर.

कंपनीत जॉइन होताना अप्रेंटिसचा करार पोर्टलवर नोंदवलाय का ते पहिल्याच आठवड्यात बघा. तुमच्या लॉगिनला कॉन्ट्रॅक्ट नंबर दिसला पाहिजे. नुसतं ट्रेनी म्हणून घेतलं आणि करार नाही केला तर सरकारचा वाटा येणार नाही, वर्ष संपल्यावर परीक्षेला बसता येणार नाही आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेटही मिळणार नाही, रेल्वे आणि महावितरणसारख्या भरतीत तेच सर्टिफिकेट मागतात. कॉन्ट्रॅक्ट नंबर दिसत नसेल तर एचआरला ईमेल टाका, तोंडी नको, आणि तरी होत नसेल तर जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र असतं, बीटीआरआय म्हणतात त्याला, तिथे जाऊन अप्रेंटिसशिपचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटा.